म्हापशाच्या संगणकवाल्या भाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय भाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव आणि दुकानाचा ठावठिकाणा कुठेही लिहायचा नाही, अशी तुमची अट आहे आणि ती मी पाळते आहे. नाव झाले की गर्दी होते, गर्दी झाली की काम घाईत होते आणि घाईत केलेले काम पुन्हा आपल्याच टेबलावर परत येते, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण पटले नसले तरी त्याचा मान राखणे माझे कर्तव्य आहे. मात्र आभार मानू नका असे तुम्ही म्हणाला नव्हता, आणि म्हटले असते तरी तेवढे मी ऐकले नसते.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. डिचोलीत माझे डीटीपीचे लहानसे दुकान आहे. लग्नपत्रिका, नाटकांची हस्तपत्रके, भजनी मंडळांची पावतीपुस्तके, देवस्थानांच्या जत्रेच्या कार्यक्रमपत्रिका, असे आमचे काम. यातले बरेचसे काम दरवर्षी तेच असते. मजकूर जुनाच असतो, फक्त तिथी, वार आणि यजमानांची नावे बदलायची असतात. हा सगळा जुना मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत, येण्याआधीच्या काळातील मराठी फाँटमध्ये आणि पेजमेकर या पाने मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली निघाली. फाँटचे सॉफ्टवेअर चालते ते संगणकाच्या मागे प्रिंटर पोर्टाला लावलेल्या बोटभर लांबीच्या हार्डवेअर लॉकवर. तो लॉक नसेल तर पडद्यावर अक्षरांऐवजी नुसता कचरा दिसतो. माझा जुना संगणक बंद पडला तेव्हा माझे यंत्रच नव्हे, तर माझ्या धंद्याची सगळी साठवण त्या लॉकपाशी अडकून पडली होती. तीही ऐन चवथीच्या तोंडावर, जेव्हा भजन आणि फुगडी स्पर्धांच्या पत्रकांसाठी मंडळांची माणसे पायरीवर बसून राहतात.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी जिथे जिथे गेले, तिथल्या अनुभवाबद्दल गप्प बसावे असे मला वाटत नाही. नावे घेत नाही, कारण ती घेऊन माझे पैसे परत येणार नाहीत. एका मोठ्या, चकचकीत दुकानात मला ‘रिफर्बिश्ड आय७, विंडोज ११, एकदम नव्यासारखा’ असे सांगून एक डेस्कटॉप देण्यात आला. कॅबिनेट पुसून लख्ख केलेले होते. आत काय आहे हे विचारले तेव्हा उत्तर मला मिळाले नाही, ते माझ्यासोबत खोके उचलायला आलेल्या, बारावीतल्या भाच्याला मिळाले. पैसे मोजणारी मी, वापरणारी मी, प्रश्न विचारणारीही मी. पण त्या तरुण विक्रेत्याची नजर एकदाही माझ्याकडे वळली नाही. माझ्या लॉकविषयी विचारले तर त्याने खणातून यूएसबीला जोडायची एक प्रिंटर केबल काढून बिलात घातली आणि “याने होईल” असे भाच्याला सांगितले. झाले काहीच नाही.

पुढे त्याच यंत्राचा पॉवर सप्लाय गेला आणि यंत्र मुके झाले. तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी, कॅबिनेटचा स्क्रूही न काढता, “मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या” असा निकाल मिळाला. एवढ्या आत्मविश्वासाने डॉक्टरसुद्धा बोलत नाहीत.

भाई, तुम्ही पहिल्यांदा कॅबिनेट उघडलेत. मग म्हणालात, “बाई, बोर्ड जिवंत आहे, वीज पोचत नाही एवढेच.” ऑफिसांतून निघालेल्या ब्रँडेड डेस्कटॉपांमध्ये पॉवर सप्लायची वायर सगळीकडे सारखी नसते, हे मला तेव्हा कळले. बाजारात मिळणाऱ्या साध्या एसएमपीएसला, म्हणजे पॉवर सप्लायला, २४ पिनांचा कनेक्टर असतो. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० ला तो बसतो, पण लगेच पुढच्या पिढीतल्या ९०२० च्या बोर्डावर मुख्य कनेक्टर ८ पिनांचा आहे, तिथे मधली जोड-केबल लागते. आणि कॅबिनेट बुटके असेल तर साधा एसएमपीएस आत मावतच नाही, त्याच आकाराचा शोधावा लागतो. ही माहिती ज्याला आहे त्याच्यासाठी ते काही मिनिटांचे काम आहे, आणि ज्याला नाही त्याच्यासाठी तो ‘गेलेला मदरबोर्ड’ आहे. माझ्यासारख्या किती जणांचे चांगले बोर्ड या अज्ञानापायी भंगारात गेले असतील, याचा विचार केला की अजूनही चीड येते.

पण हे पत्र मी लिहिते आहे ते दुरुस्तीसाठी नव्हे. दुरुस्ती करणारे कुणी ना कुणी भेटले असते. मी लिहिते आहे ते तुम्ही केलेल्या एका अगदी छोट्या गोष्टीसाठी, जी कदाचित तुमच्या लक्षातही नसेल.

यंत्र सुरू झाल्यावर तुम्ही हार्ड डिस्कची तपासणी लावलीत. भाचा नेहमीप्रमाणे पुढे सरसावला, कारण आजवर सगळे त्याच्याशीच बोलत आले होते. तुम्ही त्याला हाताने जरा बाजूला केलेत, मॉनिटरच्या बुडाला दोन्ही हातांनी धरून तो पूर्ण माझ्याकडे फिरवलात, आणि पेन्सिलीचे टोक पडद्यावरच्या एका ओळीखाली टेकवून म्हणालात, “बाई, हे तुम्ही वाचा.” मी चष्मा लावून वाचले. डिस्क ३४ हजारांहून अधिक तास चाललेली होती. रात्रंदिवस न थांबता चालणाऱ्या यंत्राची ती जवळजवळ चार वर्षे, असा हिशेब तुम्ही तिथेच करून दाखवलात. मग पेन्सिल खालच्या ओळीवर गेली. डिस्कवरची एखादी जागा खराब झाली की डिस्क ती वापरातून काढते आणि राखीव जागेतली एक तिच्या बदल्यात घेते. हे सगळे ती परस्पर करते, वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही. अशा बदललेल्या जागा किती, ते त्या ओळीत दिसते, आणि निरोगी डिस्कवर तिथे शून्य असावे लागते. माझ्या ‘नव्यासारख्या’ डिस्कवर ते नव्हते, आणि वर पिवळी खूण लागलेली होती.

मला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत असे नाही. अठरापगड फाँट, फायलींचे नमुने, छपाईचे रंग यांच्याशी मी रोज झुंजते. पण एवढ्या सगळ्या दुकानांत पडदा माझ्याकडे फिरवणारे तुम्ही पहिले. तुम्ही मला समजावलेत असेही मी म्हणणार नाही, कारण समजावण्यातही पुष्कळदा एक पायरी वर उभे राहणे असते. तुम्ही नुसता पुरावा माझ्यासमोर ठेवलात आणि वाचायला मला वेळ दिलात. मी वाचत असताना मागे दोन गिऱ्हाईके ताटकळत होती आणि तुम्ही त्यांच्याकडे वळलाही नाहीत.

त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी एक वापरलेली डिस्क काढलीत, तिचीही तशीच तपासणी लावलीत, पडदा पुन्हा माझ्याकडेच ठेवलात आणि तिच्याही राखीव जागेच्या ओळीत शून्य नाही हे दिसताच ती स्वतःच उचलून बाजूला टाकलीत. “यावर विंडोज आज व्यवस्थित चालेल, पण मी ही देणार नाही,” हे वाक्य मी दुकानदाराच्या तोंडून प्रथमच ऐकले. विकली असतीत तर मला कधीच कळले नसते. शेवटी नवी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली डिस्क, घातलीत आणि जुन्या भागांपुढे बिलावर ‘वापरलेला’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेत.

पुढची वाटही तुम्हीच सरळ केलीत. कॅबिनेटवरच्या आय७ या प्रोसेसरच्या स्टिकरला भुलू नका, त्याच्या पुढचा आकडा बघा, हे तुमचे सांगणे मी आता येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. आय७-४७७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. आय५-८५०० म्हणजे आठवी, २०१८ सालची, आणि नावात ७ च्या जागी ५ असूनही तिच्यात चाराऐवजी सहा कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, आहेत. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय असलेल्या यंत्रांवरच चालते. त्याआधीच्या यंत्रावर ते आडवाटेने बसवून विकतात, तसेच मला विकले गेले होते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे ऑफिसांतून अशी जुनी यंत्रे बाजारात येतच राहणार, आणि ती नवी म्हणून खपवणारेही. आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डात, सॉकेटचे नाव एकच असले तरी, चालत नाही. सर्व्हरमधून काढलेली स्वस्त रॅम साध्या डेस्कटॉपला उपयोगाची नसते. डीडीआर३ रॅमची पट्टी डीडीआर४ च्या खाचेत बसत नाही. हे तुम्ही मी विचारलेही नव्हते तरी सांगितलेत, कारण मी पुढे दुसरीकडून काही घेतले तरी फसू नये अशी तुमची इच्छा होती. आपले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानातही शहाणे राहावे असे वाटणारा दुकानदार विरळा.

माझ्या लॉकचा प्रश्न तुम्ही ज्या साधेपणाने सोडवलात, त्याचे मला कौतुक वाटते. एकच यंत्र सगळे करील हा हट्ट सोडा, असे तुम्ही म्हणालात. यूएसबीची ती केबल प्रिंटरपुरती असते, लॉकशी तिचे बोलणे होत नाही. म्हणून बोर्डावरच प्रिंटर पोर्ट असलेले एक जुने, दणकट ऑफिस यंत्र तुम्ही मला अगदी थोड्या पैशांत दिलेत. त्यावर माझ्या जुन्या फायली, पेजमेकर आणि लॉक. इंटरनेटची वायर त्याला कधीही लावायची नाही, अशी सक्त ताकीद. मेल, जीएसटी आणि युनिकोडचे नवे काम आठव्या पिढीच्या दुसऱ्या यंत्रावर. पावसाळ्याच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी टोकांवर काट चढतो म्हणून ती मऊ खोडरबराने कशी पुसायची, हेही दाखवलेत. वीज गेली-आली की यंत्राची तारीख मागे जाऊ लागली तर आतली सीआर२०३२ ची बटणसेल बदला, त्यासाठी म्हापशापर्यंत येऊ नका, हे तुमचे शब्द. कदंब बसच्या तिकिटाचे पैसेसुद्धा तुम्ही माझे वाचवू पाहत होतात.

वापरलेल्या वस्तूच्या व्यवहारात विकणाऱ्याला सगळे माहीत असते आणि घेणाऱ्याला काहीच नसते. तिथे फसवायला खोटे बोलावेही लागत नाही, नुसते गप्प राहिले तरी पुरते. म्हणूनच तुमचे न विचारता बोलणे मला एवढे मोठे वाटते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची घेऊन बसणारी एखादी वयस्क बाई आपणहून सांगते, “ही गेल्या वर्षाची, रंग देईल, तिखटपणा मागू नको,” आणि आपण पुढच्या खेपेला मुद्दाम तिलाच शोधत जातो. तुमचे दुकान मला त्याच रांगेतले वाटले. आपल्याकडे असा सरळपणा संपत चालला आहे असे म्हणायची पद्धत पडली आहे. मला तसे वाटत नाही. तो आहे, फक्त त्याला पाटी नसते, आणि पाटीवाल्यांच्या दारात आपण आधी जातो.

माझ्या भाच्याविषयीही एक सांगायचे आहे. परतीच्या बसमध्ये तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, “मावशी, त्या आधीच्या दुकानात मला काहीच कळत नव्हते, पण ते माझ्याशीच बोलत होते म्हणून मी मान डोलवत होतो.” त्याने हे कबूल केले याचे श्रेयही मी तुम्हालाच देते. आता तो जुने संगणक घ्यायला निघालेल्या मित्रांना आधी डिस्कचे तास बघायला सांगतो, आणि सांगताना तुमच्यासारखीच पेन्सिल वापरतो.

तपासणीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. “पार्टचे घेतले, बघण्याचे कसले?” असे म्हणालात. तो हिशेब मला मान्य नाही. तुमचे बिलबुक संपत आले आहे आणि त्याचे रकाने तुमच्या कामाला अपुरे पडतात, हे मी माझे बिल घेतानाच पाहिले होते. ‘वापरलेला’ हा शब्द तुम्हाला समासात कोंबावा लागला होता. नवे बिलबुक मी जुळवायला घेतले आहे. भागाचे नाव, नवा की वापरलेला, पिढी, चाललेले तास आणि किंमत, असे पाच रकाने ठेवले आहेत. प्रती दोन, वरची पांढरी, खालची पिवळी. येत्या शुक्रवारी बाजाराला येईन तेव्हा तपासायचे मुद्रित सोबत आणते. काही बदल हवे असतील तर त्यावरच पेन्सिलीने करून द्यावेत, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होण्याआधी छापून होईल. छपाईचे पैसे देऊ करू नयेत, ही माझी अट.

आपली कृतज्ञ,
डिचोलीची डीटीपीवाली