इको (हृदयाची सोनोग्राफी) करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

ऑपरेशन यशस्वी झालं की सर्जनचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या लेकीला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचवलंत ते तुम्ही. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर.

दूध पिता पिता ती थांबायची, घामाने भिजायची, कळवळून रडायची. पोट दुखत असेल असंच सगळ्यांना वाटलं. पुढे हृदय मोठं झालंय, स्नायू कमजोर आहे, औषधं चालू ठेवा, एवढं कळलं. तुम्ही तिथे थांबला नाहीत. ईसीजी पुन्हा काढायला लावलात आणि डावी कोरोनरी धमनी, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरवणारी नळी, कुठून निघते हे दिसेपर्यंत प्रोब उचलला नाहीत. महाधमनीतून निघायची ती फुप्फुसधमनीतून निघाली होती. या जन्मजात दोषाचं नाव अल्कापा.

मग कागदावर चित्र काढून समजावलंत. जन्मतः फुप्फुसधमनीतला दाब जास्त असतो, तोवर निभावतं. काही आठवड्यांत दाब उतरतो आणि उजव्या कोरोनरीकडून डावीकडे आलेलं रक्तही उलटं फुप्फुसधमनीत निघून जातं. स्नायू उपाशी राहतो. तान्ह्या बाळाला दूध ओढणं हेच मोठं कष्टाचं काम, म्हणून तेव्हाच छातीत कळ. माझं बाळ हृदयाच्या दुखण्याने रडत होतं, हे ऐकून मी हादरले, पण पहिल्यांदाच काहीतरी नीट कळलं होतं.

ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेला हा दोष सुमारे तीन लाख बाळांत एकाला असतो, आणि उपचार न झालेली बहुतेक बाळं पहिलं वर्ष पार करत नाहीत. सर्जननी हार्ट-लंग मशीनच्या आधाराने ती धमनी मुळाजवळच्या भिंतीच्या छोट्या चकतीसकट सोडवून महाधमनीला जोडली. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडपही गळत होती, तिला हात लावला नाही. स्नायूला रक्त मिळालं की ती बहुधा सावरेल, असं तुम्हीही म्हणाला होतात. गळती आता किरकोळ उरली आहे, हृदयाचं पंपिंग महिन्यागणिक सुधारत गेलं.

ज्यांच्या बाळाला ‘हृदयाचा स्नायू कमजोर’ असं सांगितलं गेलंय, त्यांना मी एकच प्रश्न विचारायला सांगते: दोन्ही कोरोनरी कुठून निघतात, ते इकोत स्पष्ट दिसलं का? हा प्रश्न तुमचाच आहे, मॅडम. मनापासून आभार.

तुमच्या एका छोट्या पेशंटची आई