मंडलेश्वरची तिसरी वायर

इंदूर,
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

ती. दादास सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "गाडीला झालं तरी काय?" आणि तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "पडला का रं?" मग रेंजच गेली. आई, पडलो नाही. कुणीच पडलं नाही. गाडी बंद पडली होती, आणि तीही बंडूची, माझी नव्हे. तुझ्या लेखी तासगाव तालुका संपला की परदेश सुरू होतो, म्हणून या मुलखातून आलेल्या प्रत्येक फोनात तुला आधी अपघातच ऐकू येतो.

दादा, हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नाही. तुझ्या मोटर रिवायंडिंगच्या धंद्यातली गोष्ट आहे. तुला मीटरचे आकडे पाहिजेत आणि आई मध्येच "जेवलास का" विचारणार. म्हणून कागद घेतला.

बंडू म्हणजे खालच्या मजल्यावरचा. त्याच्या घराण्यातलं कुणीतरी होळकरांच्या पदरी कारकून होतं म्हणे. घरात मराठी आणि गल्लीत अस्सल इंदुरी हिंदी. त्याच्याकडे साडेतीनशे सीसीची गाडी आहे, माझी तुला ठाऊक असलेली एकशेपंचवीस. पाऊस ओसरला होता, म्हणून सकाळी पोहे-जिलबी खाऊन महेश्वरला निघालो. इकडून महेश्वर नव्वदएक किलोमीटर. हायवेने धामनोदवरून जाता येतं, पण बंडूला महूवरून जाम गेटचा घाट उतरायचा होता. गाडी त्याची, हट्टही त्याचा.

महूच्या बाजारात पहिली खूण दिसली. बाबासाहेबांच्या जन्मस्थळाकडे वळताना बंडूने इंडिकेटर दिला तर तो नुसता लागून राहिला, लुकलुकेना. हॉर्न दाबला तर घसा बसलेल्या माणसासारखा आवाज. मी म्हटलं, बॅटरी बघून घेऊ. बंडू म्हणाला, "अरे नवीनच टाकलीय, चालली की चार्ज होईल." आत दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा सेल्फने एकदा कण्हून गाडी चालू केली. तिथून पुढे दोन्ही बाजूंना सोयाबीन, निम्मं हिरवं, निम्मं पिवळं पडायला लागलेलं, आणि गाडी पळत होती म्हणून दोघंही विसरलो.

जाम गेट म्हणजे माळव्याच्या पठाराची कड. अहिल्याबाईंच्या काळातला दगडी दरवाजा आहे, त्याच्या कमानीतून बघितलं की सगळा निमाड खाली पसरलेला दिसतो. रविवार असल्याने निम्मं इंदूर तिथे मक्याची कणसं खात होतं. गर्दीत गाडी बराच वेळ जागेवरच घुरघुरत राहिली. मग बंडूने बंद केली, फोटो काढले, कणीस खाल्लं, बटण दाबलं. टक. टक टक टक. रिले वाजतोय, पुढे काही नाही.

गाडी 2020 नंतरची, फ्युएल इंजेक्शनची. किकच नाही. तुझ्या जुन्या गाडीला बॅटरी मेली तरी एक जोराची किक बसली की ती चालायची, तो जमाना गेला. हिला पेट्रोल द्यायला विजेचा पंप लागतो आणि कधी, किती द्यायचं ते ठरवायलाही वीजच. चावी फिरवल्यावर पंपाचा तो "घुंऽऽ" आवाज येतो ना, तोच येत नव्हता. अशा गाडीला ढकलून उपयोग नाही. तरी चार पोरांनी हौसेने ढकलली, घामाघूम होऊन परत कणसाकडे गेली.

बंडूने इंदुरातल्या एका सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडच्या मुलाने गाडी न बघता सांगितलं, बॅटरी, आर.आर. युनिट (म्हणजे चार्जिंगचा रेग्युलेटर) आणि स्टेटर (वीज तयार करणारी कॉइल), तिन्ही बदलावं लागेल, टेम्पोत घालून आणा. टेम्पोसकट खर्चाचा आकडा ऐकून बंडूने कणीस खाली ठेवलं.

मग आम्ही काय केलं ते ऐक. कणीसवाल्याकडे त्याच्या बल्बची दोन तारांची वायर होती, ती मागून घेतली. टोकं सोलली, माझ्या बॅटरीचा प्लस त्याच्या प्लसला, मायनस मायनसला. माझी गाडी चालू ठेवून थ्रॉटल जरा वर धरला. एवढ्याशा बॅटरीवर आणि असल्या बारीक वायरीवर त्याचा सेल्फ फिरणार नाही हे आम्हाला माहीत होतं. आम्हाला फक्त पंपापुरती जान हवी होती, कारण पुढे सरळ उतार होता. तेवढ्यात बंडूने हेडलाइटच्या मागचा सॉकेट उपसला. 2017 पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं, इंजिन सुरू झालं की दिवा लागतोच. पंचावन्न वॉटचा बल्ब म्हणजे बारा व्होल्टवर साडेचार अँपिअर. भर दिवसा तेवढं कशाला जाळायचं?

वायर जोडून बराच वेळ गेला. मग चावी फिरवली आणि पंप "घुंऽ" म्हणाला. बंडूने दुसरा गिअर टाकला, क्लच दाबून उतारावर सोडली, वेग आल्यावर क्लच सोडला, आणि गाडी एक झटका देऊन चालू झाली. कणसाच्या गाड्यांवर टाळ्या पडल्या. वायर परत दिली, पैसे घेतले नाहीत त्याने. "नर्मदे हर" म्हणाला, एवढंच.

घाट उतरून मंडलेश्वर. खाली हवाच बदलते, गरम आणि चिकट, सोयाबीन जाऊन कापूस येतो. गावात शिरताना बंडू मला ओरडून विचारत होता की बॅटरीचं दुकान कुठे दिसतंय का, आणि मला एक ओळखीचा वास आला. वॉर्निशचा. भट्टीत तापवलेल्या वायंडिंगचा. दादा, तो वास आपल्या दुकानाबाहेर यायचा तसाच. बघतो तर रस्त्याला लागून मोटर रिवायंडिंगचं दुकान. दाराशी सबमर्सिबलचे लांबडे पंप उभे, आत तांब्याच्या तारेची रिळं, एक पोरगा जळक्या स्टेटरमधली तार उपसत बसलेला. नर्मदेच्या काठचा मुलूख, घरटी पंप, तेव्हा असं दुकान असणारच. मी बंडूला थांबवलं. तो म्हणाला, "हे पंपवाले आहेत रे, गाडीचं काय कळणार?"

मिस्त्री साठीच्या पुढचा होता. चष्मा दोऱ्याने बांधलेला. बंडूने जाताच सांगितलं, नवी बॅटरी कुठे मिळेल? मिस्त्री म्हणाला, "बॅटरी को क्यों दोष दे रहे हो? पहले ये तो देखो कि उसको दे कौन रहा है।" आणि मीटर काढला.

आता आकडे. चालू गाडीवर बॅटरीच्या टोकांना सव्वाबारा व्होल्ट. थ्रॉटल वाढवला तर जेमतेम पावणेतेरा. धड गाडीला तिथे चौदाच्या आसपास पाहिजे. म्हणजे चार्जिंग येतंय, पण अर्धपोटी. मग त्याने सीट काढायला लावली आणि स्टेटरकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी शोधल्या. तिन्ही एकाच रंगाच्या, कारण तिथे प्लस-मायनस नाहीच, तीन फेज आहेत. इंजिनावरचं चुंबक फिरतं, कॉइलमध्ये एसी तयार होतो, रेग्युलेटर त्याचा डीसी करून बॅटरीला देतो. हे मी तुला काय सांगू! मला मात्र त्या क्षणापर्यंत मोटारसायकलच्या पोटात थ्री फेज असते हे कधी सुचलं नव्हतं.

त्याने कनेक्टर सोडवला, आपल्या दुकानातली मोठी बॅटरी लावून गाडी चालू केली आणि स्टेटरकडच्या वायरी दोन-दोन करून मोजल्या. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली. तिन्ही जोड्यांत व्होल्टेज सारखं. मग गाडी बंद करून प्रत्येक वायर चेसीशी तपासली, कुठे शॉर्ट नाही. कॉइल ठणठणीत. कनेक्टर परत जोडून पलीकडच्या बाजूला मोजलं तर एका वायरीचं करंट पलीकडे पोचतच नव्हतं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सिंगल फेजिंग!" तीनपैकी एक फेज गेली की तुम्ही म्हणता तेच. म्हातारा असा हसला. म्हणाला, तुम्ही पंपवाले का? म्हटलं, मी नाही, माझा भाऊ.

कनेक्टर फोडला तेव्हा आतलं दिसलं. तीन पिनांपैकी दोन पिवळसर चकचकीत, तिसरी काळी ठिक्कर, भोवतीचं प्लॅस्टिक वितळून पिनेला चिकटलेलं. मिस्त्रीने नखाने ती पिन हलवली तर ती जागेवर डुगडुगली. कधीतरी सैल झाली असणार. सैल जागी रोध वाढतो, रोध वाढला की गरम होते, गरम झाली की आणखी सैल आणि वर पावसाचं पाणी. तुझ्या स्टार्टरच्या पेटीत ढिल्या स्क्रूपाशी वायर काळी पडते, तेच. फरक एवढाच की शेतातली मोटर एक फेज गेली की उरलेल्या दोन वायरींतून जास्त अँपिअर ओढते आणि वायंडिंग जाळून घेते, म्हणून तू प्रत्येकाला अशा वेळी मोटर आपोआप बंद करणारा प्रिव्हेंटर बसवायला सांगतोस. इथे उलटं. गाडीत मोटर नाही, जनरेटर आहे. एक फेज गेली तर तो जळत नाही, कमी देतो. बॅटरी बिचारी रोज थोडी थोडी रिकामी होत राहते आणि शेवटी नाव तिचंच निघतं.

त्याने कनेक्टर सरळ कापून टाकला. वायरी ताज्या तांब्यापर्यंत सोलल्या, पीळ देऊन झाळल्या, आणि पंपाच्या वायंडिंगला घालतात ती फायबरची स्लीव्ह चढवून दोऱ्याने बांधल्या. दोऱ्याची गाठ अगदी तुझ्यासारखी. मग प्रत्येक जोड ओढून पाहिला, थ्रॉटलवर धरून थोड्या वेळाने बोटाची मागची बाजू लावून पाहिला, थंड. मीटरवर चौदाच्या आसपास काटा नाचत होता. हेडलाइट जोडला तरी खाली आला नाही. पैसे किती मागितले ते सांगितलं तर तू म्हणशील, एवढ्यात मी मीटरही बाहेर काढत नाही.

हे होईपर्यंत दुपार उलटली. मिस्त्रीच्या सांगण्यावरून शेजारच्या खाणावळीत जेवलो. आई, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी! अंबाडी इथेही आपल्यासारखीच खातात, फक्त त्या खाणावळीत लसणाची फोडणी वरून घातली नव्हती. तेवढं एक कमी पडलं.

महेश्वर घाईतच झालं. घाटावर पाय बुडवले, वाड्यात अहिल्याबाईंची गादी पाहिली. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार त्या साध्या बैठकीवरून चालायचा हे बघून बंडूसुद्धा थोडा वेळ गप्प होता. वहिनी, तुमच्यासाठी साडी बघितली. सुती-रेशमी, काठ दोन्हीकडून नेसता येतो असा. राखाडी आणि मेंदी, दोन रंग बाजूला ठेवायला सांगितलेत. फोटो पाठवतो, तुम्ही सांगा. दादाला विचारू नका, तो दोन्ही छान म्हणेल. अंधार पडायच्या आत घाट चढून वर आलो, हेडलाइट भक्क.

आता मुद्द्याचं, दादा. चिन्याचं तू मागच्या महिन्यात विचारलं होतंस, त्याला दहावीनंतर इंदुरात एखाद्या शोरूमच्या वर्कशॉपला चिकटवता येईल का. येईल, बंडूची ओळख आहे. पण मी आत्ता पाठवू नको म्हणेन. तिथे पोरं कॉम्प्युटर लावतात, स्क्रीनवर जो पार्ट लाल दिसेल तो बदलतात. वाईट आहे असं नाही, आजच्या गाड्यांना ते लागतंच. पण गाडी न बघता तीन पार्ट सांगणारा मुलगाही तिथलाच होता. चिन्याला आधी तुझ्यापाशी बसव. त्याला रिवायंडिंगमध्ये भविष्य नाही, सगळे सौरपंप घेणार, असं वाटतं, हे ठाऊक आहे. सौरपंपालाही मोटर असते म्हणावं, आणि कनेक्टर तर ढीगभर. रात्रपाळीच्या लाईटला शेतकऱ्याचा फोन आला की त्याला बरोबर ने, मीटर त्याच्या हातात दे आणि तू नुसता उभा राहा. मग आयटीआय, मग हवा तर इंदूर. माझ्या खोलीत एक खाट रिकामीच आहे. तुझं आणि त्याचं पटत नाही हेही मला माहीत आहे, पण खोलीतल्या खाटेपेक्षा तुझ्या बाकड्याशेजारची जागा त्याला आत्ता जास्त उपयोगी आहे, असं माझं मत. वहिनींनाही विचार.

बाकी इकडे ठीक. परवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे बघितले, रात्रभर रस्ता भरलेला. गिरण्या बंद होऊन कितीतरी वर्षं झाली तरी त्यांच्या नावाने झांक्या अजून निघतात. दिवाळीला चार दिवस रजा टाकली आहे, मिळेलसं दिसतंय.

आईला सा. न., वहिनींना नमस्कार, चिन्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. माझ्या गाडीचा कनेक्टरही सीट काढून बघितला. पिना स्वच्छ आहेत, पण आत पाण्याचा डाग आहे. तू स्टार्टरच्या टर्मिनलला लावतोस ती पांढरी पेस्ट चालेल का, की साधं ग्रीस भरू? चालत असेल तर दिवाळीत एक डबी काढून ठेव.