तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बघू" म्हणून फोन आईकडे दिला असता, म्हणून लिहितेय. महालक्ष्मीची तिकिटं काढली आहेत. दोन्ही खालचे बर्थ मिळालेत. परतीचं तिकीट महिन्यानंतरचं आहे. रागावू नका, आधी सगळं वाचा.

बाबा, इथे आठवडा व्हायच्या आत तुम्हाला सांगली का आठवते ते मला ठाऊक आहे. पहाटेचा योगाचा वर्ग बुडतो. वर्ग बुडाला की पाठ धरते, झोप जाते, आणि मग आई निमूट बॅग भरायला घेते. घरी चटई टाकून तसं होत नाही, हे मला पटतं. शेजारी चार माणसं आणि समोर शिकवणारं कोणी असलं की अंग ऐकतं.

मी ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जाते तेव्हा हेच करते. बंगळुरू असो की कोची, हॉटेलपासून चालत जाता येईल असा वर्ग शोधायचा, आदल्या दिवशी फोन करून एका दिवसापुरतं आलं तर चालेल का ते विचारायचं, आणि त्या एका वर्गाचे पैसे देऊन मोकळं व्हायचं. ड्रॉप-इन म्हणतात त्याला. महिन्याची फी नाही, जमलं नाही तर गेलं नाही. परक्या गावात सकाळी ताडासनात उभं राहिलं की दिवस आपला वाटतो, हे मी तुमच्याकडूनच घेतलंय.

तर असा वर्ग पार्ल्यात, आपल्या इमारतीपासून दहा मिनिटांवर आहे. मी स्वतः जाऊन करून आले. पहिल्या मजल्यावर हॉल आहे, पण लिफ्ट आहे. भिंतीला दोर लावलेत, कोपऱ्यात घडी केलेल्या ब्लँकेटांची चळत, लाकडी विटा, पट्टे, आणि पाठ काढलेल्या लोखंडी खुर्च्या. अय्यंगार पद्धतीचा वर्ग आहे, म्हणजे अशा साधनांचा आधार घेऊन आसनं करायची. शिकवणाऱ्या बाई आपल्या सुमनमावशीच्या वयाच्या असतील. माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्यांना वज्रासनात बसवेना, तर बाईंनी सुती कापडाची गुंडाळी करून त्यांच्या गुडघ्यांच्या मागच्या खोबणीत ठेवली, नडग्यांखाली ब्लँकेट सरकवलं, आणि आजी बसल्या. चेहराही वाकडा झाला नाही. आई, मला तिथे तूच दिसलीस. त्यामुळे तू नुसती सोबत म्हणून बाकावर बसायचं नाहीस. आठ वाजताचा वर्ग ज्येष्ठांसाठी आहे, तुम्हा दोघांचंही मी विचारून ठेवलंय.

बाबा, तुमचे सर लोणावळ्याला शिकलेले, तेव्हा विटा आणि पट्टे बघून तुमच्या कपाळावर आठी येणार. हरकत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनं करताना पोटात काय होतं ते क्ष-किरणांनी पाहिलं, हे तुम्ही मला शाळेत असताना किती रंगवून सांगायचात! त्यांचं केंद्र इथे मरीन ड्राइव्हवर आहे, चर्नी रोडला उतरून चालत जाता येतं. एक दिवस रजा टाकून मी तुम्हाला घेऊन जाते. आणि सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट तर पार्ल्याहून एकच स्टेशन. योगेंद्रजींनी ती १९१८ मध्ये सुरू केली, म्हणजे लोणावळ्याच्याही आधी. तेव्हा मुंबईत योगाचं काही खरं नाही, हे या वेळी म्हणू नका.

आता जे लिहिण्यासाठी एवढं लिहिलं ते. तिकडे सरांना तुमच्या काचबिंदूचं माहीत आहे, म्हणून ते सर्वांगासनाच्या वेळी तुम्हाला बाजूला बसवतात. इथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. असे वर्ग येणाऱ्याच्या सांगण्यावर चालतात, तुम्ही सांगाल तेवढंच बाईंना कळणार. डोकं खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन तर नाहीच, पण अधोमुख श्वानासन आणि विपरीत करणीसुद्धा नको. ही दोन साधी वाटतात, म्हणून त्यांचीच मला जास्त धास्ती. तुम्ही चार लोकांत "मला हे चालत नाही" म्हणणार नाही. त्यात कमीपणा काही नाही हो बाबा. तरी तुम्हाला जड जाणार असेल तर पहिल्या दिवशी मी बरोबर येईन आणि मीच सांगेन. बीपीचंही सांगेन, श्वास कोंडून धरायचा नाही म्हणून.

रथसप्तमीला गच्चीवर तुम्ही मला पुढे उभं करून "मित्राय नमः" म्हणायला लावायचात. मी मधलं एखादं नाव गाळलं की तुम्ही न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात, आणि आई खालून दूध निवतंय म्हणून ओरडायची. आपल्या ओवीला अजून सूर्याची बाराही नावं येत नाहीत. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

राहण्याची काळजी नको. आतली खोली तुमची. गिझर पहाटे पाचला नीरज लावतो. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय. ज्वारीचं पीठ खालच्या गिरणीत ताजं मिळतं, त्यामुळे आई, पिठाचे डबे आणू नकोस. भडंग मात्र आण. वर्गाच्या आधी पोट रिकामं लागतं, तेव्हा बाबांचा पहिला चहा अर्धा कप, खारी बिस्किटं नाहीत. नाश्ता आल्यावर. आणि पैशांचा विषय काढायचा नाही. वर्गाचं कार्ड मी घेतलंय, उरलेले दिवस माझ्या उपयोगी पडतील.

आई, तुला माहीत आहे, मला दर महिन्याला तिकडे येणं जमत नाही. संध्याकाळी तुझा फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही तरी मिरजेची ती रात्र आठवते. महिनाभर तुम्ही दोघं डोळ्यांसमोर असलात की मला नीट झोप लागेल. माझ्यासाठी म्हणून या.

बाबा, निघण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून कोणती आसनं चालतील ते कागदावर लिहून घ्या. तोंडी नको. थेंबांची बाटली हातातल्या पिशवीत ठेवा, सुटकेसमध्ये नाही. आई, कुलपाची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे दे आणि दूधवाल्याला महिन्याचं सांग. दादरला उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. नीरज डब्यापाशी येईल. तो येईपर्यंत बाबा, सामान उचलायचं नाही.

तुमची,
मनू