रेटिंगची कारणं लेखी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खासगी कंपन्यांत एप्रिल-मे म्हणजे अप्रेझलची, म्हणजे वर्षभराच्या कामाला मिळालेलं रेटिंग आणि त्यावरून ठरलेली पगारवाढ सांगणारी पत्रं हाती पडण्याचे दिवस. दरवर्षी याच दिवसांत ओळखीतली चांगली, मन लावून काम करणारी माणसं खचलेली दिसतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी नागपुरातल्या एका खासगी कंपनीत परदेशी रुग्णालयांची विम्याची बिलं तपासण्याचं काम करते. नोकरी चालू आहे, तेव्हा नाव छापू नये ही विनंती.

आमच्या कामात झाकून ठेवण्यासारखं काही नसतं. कोणी किती बिलं तपासली, किती वेळ लागला, चुका किती निघाल्या, सगळं सिस्टीममध्ये रोज नोंदलं जातं. रेटिंग नुसतं यावर ठरलं असतं तर तक्रारीला जागाच नव्हती. पण फॉर्मचा दुसरा भाग असतो: ओनरशिप, लीडरशिप, टीम स्पिरिट. त्याला माप नाही. तिथे मॅनेजरच्या मनात येईल तो आकडा. आमच्याकडच्या एका मुलीचं वर्षभराचं काम टीममध्ये सर्वांत वर होतं. तिला पाचपैकी तीन मिळाले आणि शेऱ्यात एक ओळ: व्हिजिबिलिटी वाढवावी. म्हणजे नेमकं काय करू, असं तिने विचारलं. उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. ज्याला पाच मिळाले, तो शनिवारी रात्री मॅनेजरसोबत बेसा भागातल्या टर्फवर क्रिकेट खेळतो आणि मग सगळे मिळून सावजी जेवायला जातात. मुलगा कामाचा आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण घरी सासूसासरे आणि लहान मूल असलेली बाई रात्री अकराला टर्फवर जाणार कशी? मैत्री कोणी कोणाशीही करावी, तिचे गुण अप्रेझलमध्ये धरू नयेत. कुठे हा गोतावळा टर्फवर जमतो, कुठे गावावरून, तर कुठे आडनावावरून. हे आपल्याकडे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण माहीत सगळ्यांना असतं.

यात भर बेल कर्व्हची. ठरावीक टक्के लोक वर, बरेचसे मध्ये आणि काही खाली बसवायचेच, असा हा प्रकार. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९८० च्या दशकात तो रुजवला: वरचे वीस टक्के, मधले सत्तर आणि खालचे दहा, ज्यांना घरी पाठवायचं. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही सक्तीची क्रमवारी बंद केली. आपल्याकडेही अनेक एचआर विभाग आता बेल कर्व्ह नाही असं सांगतात, पण पगारवाढीचं बजेट मोजकंच असतं आणि कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग एकत्र ठेवून जुळवण्याच्या मीटिंगमध्ये कोणाला तरी खाली आणावंच लागतं. हजारो माणसांच्या गुणांचा आलेख घंटेसारखा दिसेलही. मुलाखतीत पारखून घेतलेल्या आठ जणांची टीम तशी का दिसावी? आठही जण चांगले असले तरी एकाला खाली ढकलायचं, मग कोणाला? जो भांडणार नाही त्याला. जी बाळंतपणाच्या रजेवर होती तिला. २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली हे फार चांगलं झालं, पण अर्धं वर्ष काम दिसलं नाही असं म्हणून तिचं रेटिंग उतरवायचं, याला काय म्हणावं? रजेचा पगार दिला आणि पगारवाढीतून परत घेतला, असंच ते झालं.

एका वर्षाचा प्रश्न आहे, पुढच्या वर्षी बघू, असं सांगून लोकांची समजूत काढली जाते. हिशेब करून पाहा. दोघं ४० हजारांवर लागले. एकाला दरवर्षी बारा टक्के वाढ मिळाली, दुसऱ्याला सहा. पाच वर्षांनी पहिला ७० हजारांच्या वर जातो, दुसरा साडेत्रेपन्न हजारांवर राहतो. महिन्याला जवळपास सतरा हजारांचा फरक. पीएफ आणि ग्रॅच्युइटी पगारावरच मोजतात आणि नवी कंपनी जुनी सॅलरी स्लिप मागते. म्हणजे एका मॅनेजरची मर्जी माणसाच्या मागे निवृत्तीपर्यंत लागते.

पुण्याबंगळुरूचे लोक म्हणतील, पटत नसेल तर कंपनी बदला. नागपुरात ते इतकं सोपं नाही. मिहानचं औद्योगिक क्षेत्र आणि परसोडीचं आयटी पार्क सोडलं तर आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? इथे नोकरी करणारे बरेच जण म्हातारे आईवडील, मुलांची शाळा, स्वतःचं घर म्हणून पुण्याहून परत आलेले आहेत. निम्मे मॅनेजर पुण्यात बसतात आणि ज्यांची रोज कॅन्टीनमध्ये गाठ पडते त्यांची नावं त्यांना आधी आठवतात. दुसरं दार नाही हे मॅनेजरलाही ठाऊक असतं. माझा एक सहकारी म्हणाला, “मॅडम, बोलून काय होते? पुढच्या वर्षी अजून खाली टाकतीन.” तो बोलला नाही. तरी यंदा त्याला पीआयपीवर (परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन) टाकलं आहे, म्हणजे सुधारणेच्या नावाखाली बाहेरचा रस्ता.

माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. त्यांच्या काळी कर्मचाऱ्याच्या कामाचा वार्षिक गोपनीय अहवाल खरोखर गोपनीय असायचा, साहेबाने काय लिहिलं ते बढती हुकल्यावर कळायचं. ते बदललं कसं हे सगळ्यांनी माहीत करून घ्यावं. सीमा रस्ते विभागातले कार्यकारी अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ हा शेरा मिळाला होता. बढतीला ‘अतिशय चांगला’ लागत होता आणि तो शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, शेरा वाईट असो की बरा, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी दिली पाहिजे. त्यानंतर २००९ मध्ये केंद्राने आदेश काढला: पूर्ण अहवाल दाखवायचा आणि निवेदनासाठी पंधरा दिवस द्यायचे. सरकारी कार्यालयांत पक्षपात संपला असं मी म्हणत नाही. पण तिथे निदान कागद मागता येतो.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यातही, गुणवत्ता न पाहता काही कामगारांना झुकतं माप देणं ही मालकाची अनुचित प्रथा म्हणून चौथ्या अनुसूचीत नोंदलेली आहे. मात्र कंपनीत प्रत्येकाला एक्झिक्युटिव्ह किंवा लीड म्हटलं जातं आणि तुम्ही कामगार नाहीच असं सांगितलं जातं. हुद्दा काय यापेक्षा प्रत्यक्ष काम काय हे न्यायालय बघतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. माहीत असलं तरी पगारवाढीसाठी नोकरी पणाला लावून औद्योगिक न्यायालयाची पायरी कोण चढणार?

म्हणून मागणी साधी आहे. मॅनेजरने आपलं मत जरूर द्यावं, तो त्याचा अधिकारच आहे, पण वर्षातली प्रत्यक्ष उदाहरणं देऊन कारणं लेखी द्यावीत. रेटिंग पक्कं होण्याआधी ते कर्मचाऱ्याला दाखवावं आणि पंधरा दिवसांत आलेल्या हरकतीचा निर्णय रेटिंग देणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने करावा. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या प्रत्येक आस्थापनेत बाहेरचा एक सदस्य असलेली समिती आणली. तशीच समिती अप्रेझलच्या तक्रारींसाठी का नसावी? विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आपल्याच शहरात भरतं. नागपूरच्या आमदारांनी, पक्ष कोणताही असो, हा प्रश्न तिथे कामगारमंत्र्यांना विचारावा. कंपन्यांना तर अधिवेशनाची वाट पाहण्याचीही गरज नाही. एचआर पॉलिसीत एक परिच्छेद वाढवला की पुढच्या एप्रिलपासून हे सुरू करता येईल.

आपली,
एक नोकरदार वाचक,
मानेवाडा, नागपूर