स्वप्नातल्या गावात झाडू कुणाच्या हातात?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत एक लेख आला होता, की हल्लीची मुलं भविष्यातल्या भयाण जगाच्याच कादंबऱ्या वाचतात, जिकडेतिकडे कॅमेरे, हुकूमशहा, जाळलेली पुस्तकं, आणि त्याने त्यांची मनं काळवंडतात, त्यापेक्षा त्यांच्या हातात आदर्श जगाच्या गोष्टी द्या. मी तो दोनदा वाचला. पटला नाही, पण का पटला नाही हे मला धड सांगता येत नव्हतं, मग मध्येच आमच्या मल्टीत, म्हणजे फ्लॅटांच्या इमारतीत, एक प्रकार झाला आणि तेव्हा कुठे माझं म्हणणं मला सापडलं, म्हणून हे पत्र उशिराने लिहितेय.

आधी आदर्श जगाचंच बघू. 'युटोपिया' हा शब्द थॉमस मोरने १५१६ मध्ये आपल्या लॅटिन पुस्तकासाठी ग्रीकमधून घडवला, त्यात श्लेष आहे, एक अर्थ 'कुठेच नसलेली जागा' आणि कानाला लागतो तो दुसरा, 'चांगली जागा'. त्या बेटावर लोक दिवसाला सहाच तास काम करतात, घरांना कुलपं नाहीत, सोन्याला इतकी कमी किंमत की त्याची शौचाची भांडी करतात. वाचताना वाटतं वा, काय सुंदर. आणि मग पुढे येतं की जनावरं कापायची आणि भोजनशाळेतली घाणीची, अंगमेहनतीची कामं गुलाम करतात, त्यांच्या बेड्यासुद्धा सोन्याच्या आहेत. शिवाय एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं तर परवानगीचं पत्र लागतं! आमच्या शनिवारच्या वाचन कट्ट्यावर (आम्ही सात जणी, कधी नऊ) हे वाचलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या आणि तेव्हापासून मला सवयच लागलीये, कोणी कुठल्याही सुंदर गावाचं चित्र काढलं की मी आधी बघते तिथे झाडू कोणाच्या हातात आहे.

ही एक गोष्ट धरून वाचलं ना की चांगल्या जगाची गोष्ट आणि वाईट जगाची गोष्ट यातला फरकच पुसट होतो. ऑल्डस हक्सलेची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' कादंबरी बघा, १९३२ ची. तिथे कुणी दुःखी नाही, जरा उदास वाटलं की 'सोमा'ची गोळी (नाव आपल्याच सोमरसाचं) घ्यायची, झालं. त्यात एक लिफ्ट चालवणारा आहे, एप्सिलॉन वर्गातला, म्हणजे जन्माआधीच बाटलीत त्याची बुद्धी कमी करून ठेवलेली, कारण लिफ्ट चालवायला कुणीतरी हवंच. लिफ्ट गच्चीवर पोचते, एकदम ऊन अंगावर येतं आणि तो आनंदाने "गच्ची! गच्ची!" म्हणून ओरडतो, तेवढ्यात बेल वाजते आणि त्याला परत खाली अंधारात जायची ऑर्डर येते. दोनच मिनिटांचा प्रसंग आहे पण मला ती अख्खी कादंबरी त्या लिफ्टमध्येच दिसते. भयाण पुस्तकांनी मन काळवंडतं म्हणता, माझं तर त्या पानापासून लिफ्टवाल्याकडे लक्ष जायला लागलं.

आता आमच्याकडचा प्रकार सांगते. आमच्या मल्टीत दिवाळीनंतर गेटवर अॅप बसवलं. कामाला येणाऱ्या बायका, ड्रायव्हर, दूधवाले सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, चेहरा ओळखला की आत. वर प्रत्येक घराने त्यांना स्टार द्यायचे. माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी अकरा वर्षं येतायत, त्यांच्या मुलीच्या लग्नात मी जेवून आलेय. गेल्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी ते मोठं काळं चष्म्याचं झापड दिलं, आणि आठ दिवसांनी कामावर आल्या तर कॅमेरा काही त्यांना ओळखेना. चष्मा काढायला डॉक्टरांची मनाई. गार्ड रोज त्यांच्याशी बोलणारा, त्यांच्या हातचा चहा पिणारा, पण तो तरी काय करणार, म्हणाला, "मौसी, सिस्टम में नहीं दिख रहा." माझ्या फोनवर रिक्वेस्ट आली होती, पण फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. पाऊण तास त्या उन्हात एका उपड्या पेंटच्या डब्यावर बसून होत्या. वर आल्या तेव्हा रागावल्या नव्हत्या, त्याचंच मला जास्त लागलं. पदराने मान पुसत एवढंच म्हणाल्या, "ताई, मी तीच आहे ना हो?"

नंतर मी अॅपमध्ये बघितलं तर कुणीतरी त्यांना दोन स्टार दिलेले, का ते लिहिलेलं नाही, आणि मावशींकडे साधा बटणांचा फोन, त्यांना बिचारीला हे माहीतच नाही की आपल्याला कुणी मार्क देतंय.

कट्ट्यावर सांगितलं तर लगेच ऑर्वेलचं नाव निघालं, मोठा भाऊ बघतोय वगैरे. ऑर्वेल आपल्याकडे बिहारात मोतीहारीला जन्मला, १९०३ मध्ये, आणि सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या हुकूमशाहीची त्याची '१९८४' ही कादंबरी आली १९४९ ला, तेव्हापासून कुठेही कॅमेरा लागला की आपण तेच एक वाक्य म्हणतो. माझं म्हणणं आहे तिथे वेगळं पान उघडा. त्यात एक दांडगी धोबीण आहे, अंगणात दोरीवर लंगोट वाळत घालता घालता गाणं म्हणणारी, आणि ते गाणं एका यंत्राने जुळवलेलं आहे, माणसाने नाही, तरी ती ते इतकं जीव ओतून म्हणते की वर खिडकीत उभा असलेला नायक ऐकतच राहतो. १९४९ मध्ये यंत्राने रचलेली गाणी! आज मुलं एका बटणावर कविता करून घेतात तेव्हा मला ती धोबीण आठवते. त्या राज्यात शंभरातली पंच्याऐंशी माणसं तिच्यासारखी, आणि त्यांच्यावर नजर ठेवायचीसुद्धा फारशी कुणाला गरज वाटत नाही. आमच्या गेटवर मात्र नेमकं उलटं, कॅमेरा फक्त मावशींसाठी, आम्ही फ्लॅटवाले गाडीची काच वर करून सरळ आत जातो.

पण गार्डचं ते वाक्य, "सिस्टम में नहीं दिख रहा", ते खरं म्हणजे आणखी जुन्या गोष्टीतलं आहे आणि त्या गोष्टीचा लेखक आपल्या अगदी शेजारचा. ई. एम. फॉर्स्टर. १९२१ मध्ये हा माणूस आपल्या इंदूरहून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवासला, थोरल्या पातीच्या महाराजांचा, तुकोजीराव पवारांचा खाजगी सेक्रेटरी होता, तिथल्या टेकडीवरच्या देवीवरूनच त्याच्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकाचं नाव पडलं. देवासला गायक कुमार गंधर्वांच्या आठवणी सगळे सांगतात, याची कुणी काढत नाही. याने १९०९ मध्ये 'द मशीन स्टॉप्स' नावाची एक गोष्ट लिहिली होती, त्यात माणसं जमिनीखाली एकेका खोलीत राहतात, मधमाशीच्या पोळ्यासारखी खोली, एक खुर्ची, बटण दाबलं की जेवण, बटण दाबलं की गाणं, तबकडीवर समोरच्याचा चेहरा दिसतो आणि त्यावरच गप्पा, भाषणं, सगळं. मुलगा पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, तो आईला विनवतो की मला तू यंत्रातून नको, प्रत्यक्ष भेटायला ये, आणि आईला प्रवासाचीच किळस येते. आणि सगळ्यात भीती वाटते ती ही, की यंत्र बिघडायला लागतं तेव्हा सगळे कमिटीकडे तक्रारी करत बसतात कारण अख्खं यंत्र समजणारा एकही माणूस उरलेला नसतो. आमच्या मल्टीतही मी विचारत फिरले की कॅमेऱ्याने नाही ओळखलं तर निर्णय कोण घेणार. सेक्रेटरी म्हणाले कंपनीला विचारा, कंपनीच्या नंबरवर रेकॉर्ड केलेला आवाज.

गंमत बघा, त्याच १९०९ च्या नोव्हेंबरात गांधीजी लंडनहून आफ्रिकेला जाताना बोटीवर 'हिंद स्वराज' लिहीत होते, उजवा हात दुखला की डाव्या हाताने, आणि तेही यंत्राबद्दलच. सगळं मला नाही पटत त्यातलं, पण ती तगमग तीच.

मग चांगल्या जगाच्या गोष्टी नकोत का? हव्यातच, पण त्या कोणी सांगितल्यात ते बघून. रुकैया सखावत हुसेन, पडद्यात वाढलेल्या, त्यांनी १९०५ मध्ये 'सुलतानाज् ड्रीम' लिहिली, त्यात बायका राज्य करतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक, धूर नाही, दिवसाला दोनच तास काम आणि पुरुष घरात, चूल-मूल त्यांच्याकडे. आमच्यातल्या सत्तरीच्या एका आजी पोट धरून हसल्या आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. संत रोहिदासांचं बेगमपुरा, म्हणजे जिथे दुःखच नाही असं शहर, तिथे कर नाही, कोणी दुय्यम-तिय्यम नाही, ज्याला जिथे वाटेल तिथे तो फिरतो आणि महालाच्या दारात कुणी अडवत नाही. पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी चामड्याचं काम करणाऱ्या माणसाने स्वप्नात काय मागितलं तर दारात न अडवलं जाणं. मावशी त्या डब्यावर बसल्या तो दिवस आणि हे अभंगासारखं गोड पद मी एकत्रच वाचते आता.

आणि आपलं इंदूर. पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराने बोलावला होता, त्याचा इंदूरवरचा रिपोर्ट १९१८ मध्ये छापला गेला. तो 'युटोपिया' म्हणायचाच नाही, मुद्दाम स्पेलिंग बदलून 'Eutopia' म्हणायचा आणि चांगली जागा एवढाच अर्थ ठेवायचा, म्हणजे कुठेच नसलेली नाही, इथेच, या गल्लीत, करता येईल अशी. जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका असं सांगणारा तो माणूस. त्याने इथे एका दिवाळीत मिरवणूक काढली होती, प्लेगचे दिवस, घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर असे मोठे पुतळे करून शेवटी जाळले, आणि त्या मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार होते, पांढऱ्या स्वच्छ कपड्यात, फुलं घालून. आपण २०१७ पासून सलग सात वर्षं देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून नंबर लावला, मला त्याचा खरंच अभिमान आहे, सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की मी ओला-सुका वेगळा घेऊन पळत जाते. पण ज्यांच्या झाडूवर हा नंबर आला त्यांना आपल्या गेटवर आपण कसं उभं करतो?

म्हणून दोन विनंत्या. गेडिसच्या त्या दिवाळीची हकिगत कुणाकडून तरी मराठीत करवून घ्या आणि दिवाळीच्या आधी छापा, इंदूरच्या मराठी घरांत ती कोणी वाचलेली नाही. आणि पुरवणीत आदर्श शहरावर निबंध स्पर्धा घेणार असाल तर मुलांना सांगा की आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाला आधी विचारून या.

मी मावशींना विचारलं. शहर कसं हवं म्हणाले तर हसल्या, म्हणाल्या मला काय कळतंय. मग पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "गेटाशी एक बाकडं टाका ताई. अन् वर पत्रा, सावलीला." पुढच्या रविवारी आमच्या मल्टीची मीटिंग आहे, बाकडं आणि पत्रा मी अजेंड्यावर पहिल्या नंबरला लिहून दिलंय, स्टार काढून टाकायचं दुसऱ्या.

आपली,
एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर