‘हिल स्ट्रीट ब्लूज’: कळकट चित्र आणि गोंगाट हे दोष नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या विदेशी पोलीस मालिका डीव्हीडी डिस्कवर पुन्हा पाहण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख चांगला होता, पण ‘हिल स्ट्रीट ब्लूज’वर त्यात थोडा अन्याय झाला आहे. चित्र कळकट आहे, सगळे एकदम बोलतात, कोण काय म्हणतो ते कळत नाही, अशी लेखकाची तक्रार. कळकटपणा आणि गोंगाट या दोन्ही गोष्टी निर्मात्यांनी जाणूनबुजून आणल्या आहेत. त्या सोसवेनाशा होतात तेव्हा दोष बहुतेक वेळा मालिकेचा नसतो, टीव्हीच्या आणि प्लेअरच्या मेन्यूत दडलेला असतो.

स्टीव्हन बॉचको आणि मायकेल कोझॉल यांनी घडवलेली ही मालिका १५ जानेवारी १९८१ रोजी अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि १२ मे १९८७ रोजी संपली. सात हंगाम, १४६ भाग. शहराचे नाव कधीच सांगितले जात नाही. बाहेरून दिसणारी ठाण्याची इमारत शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवरची, आतले बहुतेक चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतले. पहिल्या भागाचे दिग्दर्शक रॉबर्ट बटलर यांनी हे ठाणे चकचकीत दिसू द्यायचे नाही असेच धोरण ठेवले. कॅमेरा हातात धरलेला. चौकटीत मध्येच कुणाची तरी पाठ येते, कुणी फाइल घेऊन आडवे जाते, आणि ज्याचे बोलणे चालू आहे तोच अर्धा झाकला जातो. तोवरच्या पोलीस मालिकांत बोलणारा माणूस मधोमध आणि उजेडात असे. इथे त्याला गर्दीतून हुडकावे लागते. पहिल्या हंगामाला प्रेक्षक फार कमी मिळाले, तरी त्याच वर्षी मालिकेला आठ एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचे मानाचे पुरस्कार, मिळाले. पुढच्या वर्षी तर सहायक अभिनेत्याच्या पाचही नामांकनांवर याच मालिकेतले नट होते.

आता चित्राकडे. मालिका ४:३ चौकटीसाठी बनली आहे. आजच्या १६:९ पडद्यावर ती नीट लावली तर रुंदीचा पाऊण भाग व्यापते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या पट्ट्या अनेकांना खटकतात, मग ‘वाइड’ किंवा ‘झूम’ दाबले जाते. वाइडमध्ये प्रत्येक माणूस एकतृतीयांशाने रुंद होतो. ठाण्याचा प्रमुख, शिडशिडीत कॅप्टन फ्युरिलो पैलवान दिसू लागतो. झूममध्ये रुंदी बरोबर राहते, पण वरून-खालून मिळून चित्राचा चौथा हिस्सा कापला जातो, आणि गर्दीच्या दृश्यात नेमके वरचे चेहरेच उडतात. दोन्ही टाळा. टीव्हीवर वाइड आणि झूम दोन्ही बंद करूनही माणसे फुगलेलीच दिसत असतील, तर ताणण्याचे काम प्लेअर करतो आहे. त्याच्या मेन्यूत टीव्हीचा प्रकार १६:९ ठेवावा आणि ४:३ चित्रासाठी ‘ओरिजिनल’ किंवा ‘पिलरबॉक्स’ असा पर्याय असेल तो निवडावा. दोन्ही यंत्रांनी एकाच वेळी आकार सुधारायला घेतला की चित्र हमखास बिघडते, म्हणून एका वेळी एकाच यंत्राला हात लावावा.

त्यानंतर टीव्हीतली गती गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. कंपनीगणिक नाव वेगळे: ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस, मोशनफ्लो. काम एकच. सेकंदाला २४ चौकटी असलेल्या फिल्मच्या दोन चौकटींमध्ये टीव्ही स्वतः कल्पिलेल्या चौकटी घुसवतो. हातातला कॅमेरा हलतो तेव्हा त्याचा अंदाज चुकतो, खांद्यांच्या आणि डोक्यांच्या कडेने पाण्यासारखी झळ दिसते, आणि एकूण रूप स्टुडिओतल्या बातमीपत्रासारखे होते. मग ‘नॉइज रिडक्शन’ बंद. ही मालिका फिल्मवर चित्रित झाली आहे, तिच्या अंगावर दाणा, म्हणजे फिल्मचे बारीक कण, आहे. तो दाणा पुसायला गेलेला टीव्ही दाण्याबरोबर रोज सकाळी हजेरी घेणाऱ्या सार्जंट एस्टरहाउसच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि कोटाचे विणकामही पुसतो. ‘शार्पनेस’ खाली आणावा, पण सरसकट शून्य करू नये, कारण काही कंपन्यांच्या टीव्हीत शून्य म्हणजे तटस्थ आणि काहींच्या टीव्हीत मधला आकडा म्हणजे तटस्थ. अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ उमटली की शार्पनेस जास्त झाला, इतकी खूण पुरते. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ही काढून टाकावा; रात्रीच्या गल्लीतला काळोख त्याच्यामुळे दर शॉटला कमीजास्त होत राहतो.

आणखी एक बिघाड वेगळा ओळखावा लागतो. शीर्षकाच्या वेळी गस्तीच्या गाड्या बाहेर पडतात. तिथे गाड्यांच्या आणि दिव्यांच्या कडांना कंगव्यासारखे आडवे दात दिसत असतील तर तो दाणा नव्हे. अमेरिकी डिस्कवर चित्र सेकंदाला सुमारे ६० अर्ध्या चौकटींच्या रूपात साठवलेले असते. २४ चौकटी त्यात बसवण्यासाठी एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा, असा ठेका धरतात. प्लेअरने तो ठेका ओळखून मूळ चौकट परत जुळवायची असते. त्याच्या मेन्यूत प्रोग्रेसिव्हसाठी (पूर्ण चौकट एकदम दाखवण्यासाठी) ऑटो, फिल्म आणि व्हिडिओ असे पर्याय असतील तर व्हिडिओवरून हलवून फिल्म किंवा ऑटो करावे. दात बहुधा जातात. न गेल्यास प्लेअरमधून ४८० इंटरलेस्ड, म्हणजे त्या अर्ध्या चौकटी जशाच्या तशा, बाहेर काढून जुळवणी टीव्हीवर सोपवावी. बहुतेक नव्या टीव्हींना स्वस्त प्लेअरपेक्षा ते काम चांगले जमते.

पण खरी गफलत आवाजात होते. या मालिकेतला ध्वनी एकपदरी आहे, मोनो. आणि तरी त्यात थर आहेत: पुढे दोघांचे संभाषण, मागे फोन, टाइपरायटर, कोठडीतून येणारी शिवी, रेडिओवरचा निरोप. हे सगळे कमीजास्त पातळीवर ठेवलेले आहे, आणि त्या पातळ्यांतला फरक हाच कान कुठे द्यायचा ते सांगतो. आता टीव्हीतला किंवा साउंडबारमधला ‘नाइट मोड’ चालू करून बघा. तो मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी ठीक, पण इथे मागचा फोन पुढच्या वाक्याच्या उंचीला येऊन बसतो आणि उरतो फक्त बाजार. लेखकाने जो गोंगाट ऐकला तो बहुधा हाच. ‘व्हर्च्युअल सराउंड’ही तितकेच वाईट, कारण एका ठिकाणाहून यायचा आवाज तो खोलीभर फवारतो. साधा स्टीरिओ किंवा शक्य असल्यास फक्त मधला स्पीकर, नाइट मोड बंद, आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा. ‘क्लिअर व्हॉइस’सारखी सोय मात्र अगदीच अडल्यास वापरून बघायला हरकत नाही. ती मधल्या पट्टीतले स्वर उचलते, त्यात मागची बडबडही थोडी वर येते, पण नाइट मोडइतका सत्यानाश करत नाही.

सगळे जमले की नाही हे तपासायला ठाण्यातला गुप्त पोलीस बेल्कर याची दृश्ये घ्यावीत. समोर पकडून आणलेला इसम, बेल्कर दोन बोटांनी टाइपरायटर बडवतो आहे, तेवढ्यात फोन वाजतो आणि पलीकडे त्याची आई असते. एका श्वासात तो समोरच्यावर गुरगुरतो आणि दुसऱ्या श्वासात आईशी मऊ होतो. गुरगुर आणि मऊ आवाज यांत स्पष्ट उंचसखलपणा ऐकू येत असेल, आणि दोन्हींच्या मागे ठाणे चालू असल्याचे कळत असेल, तर सेटिंग बरोबर. दोन्ही आवाज सारख्याच जोराचे वाटले तर कुठेतरी अजून दाबणी चालू आहे. प्लेअरच्या मेन्यूतला ‘डीआरसी’ हा आवाजाचे चढउतार दाबणारा पर्याय तपासावा, कारण टीव्हीवर सगळे बंद करूनही तो तिथे चालूच राहिलेला असतो.

उपशीर्षकांबद्दलही घोटाळा होतो. पेटीवर ‘सीसी’ (क्लोज्ड कॅप्शन) लिहिले असेल तर ती नेहमीची उपशीर्षके नव्हेत. ती जुन्या पद्धतीने चित्राच्या २१व्या रेषेत दडवलेली असतात आणि एचडीएमआय तारेतून ती पलीकडे जातच नाहीत. मग टीव्हीचे सीसी बटण कितीही दाबा, काही उमटत नाही. त्यासाठी स्वतः ती वाचून चित्रावर चढवणारा प्लेअर लागतो, नाहीतर पिवळ्या पिनेची जुनी कंपोझिट तार आणि ती वाचू शकणारा टीव्ही.

सर्व सात हंगामांचा संच अमेरिकेत २०१४ मध्ये शाउट फॅक्टरीने काढला: ३४ डिस्क. त्याआधी २००६ मध्ये फॉक्सने पहिले दोन हंगाम आणले होते. डीव्हीडी आणि प्लेअर विक्रीच्या प्रदेशानुसार बांधलेले असतात: अमेरिकी डिस्क प्रदेश १ च्या आहेत आणि भारतासाठीचे प्लेअर प्रदेश ५ चे, त्यामुळे सर्वप्रदेशी प्लेअर लागतो. संगणकाच्या ड्राइव्हवर प्रदेश बदलता येतो, पण साधारण पाचच वेळा. शेवटचा बदल कायमचा चिकटतो. कोणतीही अमेरिकी मालिका युरोपी पाल (तिथली टीव्ही पद्धत) डिस्कवर घेताना हेही ध्यानात ठेवावे की २४ चौकटींचे तिथे सहसा २५ केलेले असतात. ४८ मिनिटांचा भाग ४६ मिनिटांत संपतो आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढतो. माइक पोस्ट यांचे शीर्षकसंगीत, त्यातला तो पियानो, ज्यांच्या कानात बसला आहे त्यांना हे लगेच बोचेल.

संच हाती आल्यावर सगळ्या डिस्क लगेच तपासाव्यात. परत करण्याची मुदत संपल्यावर तेविसावी डिस्क अडकते असे कळून उपयोग नाही. पूर्ण पाहण्याची गरज नाही. दोन थरांच्या डिस्कवर वाचन आतून बाहेर जाते, कडेला पोचल्यावर थर बदलतो आणि पुन्हा बाहेरून आत येते. म्हणजे चार भागांच्या डिस्कवर दुसऱ्याचा शेवट आणि तिसऱ्याची सुरुवात बाहेरच्या कडेजवळ पडते. बोटांचे ठसे तिथेच लागतात, ओरखडेही तिथेच. त्यामुळे दुसऱ्या भागाची शेवटची आणि तिसऱ्याची पहिली पाच मिनिटे चालवून बघितली की बरेच काही कळते. थर बदलताना अर्धा-एक सेकंद चित्र थांबणे हा बिघाड नाही. चौकोन फुटणे, आवाज तुटणे हा बिघाड. तसे झाल्यास मऊ, ओलसर सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावे. गोल फिरवून पुसू नये: आडव्या ओरखड्यावरून वाचन लेसर निभावून नेतो, पण माहितीच्या गोल रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती खातो.

डिस्क बाहेर काढतानाही जपावे. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. मधली पकड घट्ट असते तेव्हा लोक कडेला धरून डिस्क वर ओढतात, ती धनुष्यासारखी वाकते, आणि मधल्या छिद्राजवळ केसाएवढी चीर जाते. ती पुढे वाढतच जाते. आधी पकडीचे मधले बटण पुरते दाबावे, डिस्क सुटल्याचा टिच आवाज आला की उचलावी.

क्रमाबद्दल एवढेच की पहिल्या हंगामात उड्या मारू नयेत. कथासूत्रे तीन-तीन, चार-चार भाग चालतात, आणि एक भाग चुकला की ठाण्यातला रुसवा कशावरून हे कळत नाही. पुढे वाहिनीच्या आग्रहावरून प्रत्येक भागात एक तरी सूत्र तिथल्या तिथे संपवायचे ठरले, तेव्हापासून थोडी मोकळीक मिळते. वेळ कमी असेल तर पहिला हंगाम पूर्ण, मग तिसऱ्या हंगामाचा पहिला भाग ‘ट्रायल बाय फ्युरी’ अवश्य. डेव्हिड मिल्च यांच्या लेखणीचा तो पहिला मासला. चौथ्या हंगामात मायकेल कॉनरॅड यांच्या निधनामुळे एस्टरहाउस जातो आणि सकाळच्या हजेरीची चालच बदलते. बॉचको यांना १९८५ मध्ये काढून टाकण्यात आले. शेवटचे दोन हंगाम त्यांच्याविना आहेत, काही ठिकाणी ते जाणवते, तरी टाकाऊ नाहीत.

तिसऱ्या हंगामात बेनेडेटो नावाचा भ्रष्ट पोलीस दिसतो आणि सहाव्यात बंट्झ नावाचा नवा अधिकारी ठाण्यात येतो. दोघांचा चेहरा एकच आहे, कारण दोन्ही भूमिका डेनिस फ्रान्झ यांच्याच आहेत. डिस्क चुकीच्या क्रमाने लागली, असे समजून पेटी उपसत बसू नये. आणि पहिल्या भागाचे शेवटचे दृश्य नवख्याला आधी सांगू नये, ही लेखकाला आणि आपल्या पुरवणीला विनंती. त्या लेखात ते दुसऱ्याच परिच्छेदात फोडले आहे.

कळावे,
आपला एक वाचक