हसले म्हणून चुकलं असं नाही

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

परवा रात्री दीडला तुझा फोन आला. बाबा आधी दचकले, मग तुझा आवाज ऐकून गप्प बसून राहिले. भर सेमिनारमध्ये सर तुझ्या मांडणीवर हसले, हे तू पुन्हा पुन्हा सांगत होतीस. झोप होते का, हे मात्र टाळलंस.

मला एवढंच कळायला हवं आहे की त्यांनी चूक दाखवली का? दाखवली असेल तर मुकाट्याने दुरुस्त कर. दाखवली नसेल, तर नुसत्या हसण्याने गणित खोटं ठरत नाही.

खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० साली बोटीने इंग्लंडला निघाले तेव्हा १९ वर्षांचे होते. ठरावीक वस्तुमानापलीकडचा तारा श्वेतबटू (इंधन संपल्यावर आकसून उरलेला छोटा, घट्ट तारा) होऊन टिकू शकत नाही, हे गणित त्यांनी त्या प्रवासात मांडलं. ११ जानेवारी १९३५ला लंडनला खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत इंग्लंडमधले नामवंत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी त्याची टर उडवली. तेही ओळखीतल्या, ज्यांचा शब्द सगळे प्रमाण मानत अशा माणसाने! चंद्रशेखरांनी निष्कर्ष सोडला नाही आणि भांडत आयुष्यही काढलं नाही. १९३९च्या पुस्तकात सगळं नीट लिहून ठेवलं आणि दुसरा विषय हाती घेतला. नोबेल मिळालं १९८३ला. मला त्या नोबेलपेक्षा मधल्या वर्षांतल्या कामाचं अप्रूप जास्त आहे. एवढी वर्षं तब्येतही सांभाळावी लागते गं, जागरणं करून नाही निभत.

बघ, झाला माझा तास सुरू. रागावू नकोस.

माईच्या शालीची लोकर गुंतली होती, आठवतं? मी कात्री घेऊन आले तर तू गुंडा पोटाशी धरून बसलीस. नखाने एकेक फास सैल करत, ओठ घट्ट मिटून. मध्येच रडलीस, पण कात्री लावू दिली नाहीस. त्या हट्टाची मला तेव्हा काळजी वाटायची. आता दादाला, काकूला, कुणालाही अभिमानाने सांगते. काळजी गेलीय असं मात्र समजू नकोस.

मोठं काही हाती घेतलंस तर स्वतःवर विश्वास लागणारच, आणि तो आधी तुलाच ठेवावा लागेल. बाकीचे मागाहून येतील, काही येणारही नाहीत.

रविवारी फोन कर, दिवसा. सर नेमके कुठल्या पायरीला हसले, ते मला समजेल असं सांग. आणि त्याआधी एक रात्र पुरती झोप.

तुझी,
आई